वजन आल्यावर आवळ

भिवंडी,
12 नोव्हेंबर 2024

चि. मुग्धास,

फोटो मिळाले. तुझे प्रश्न फोनवर निपटण्यासारखे नाहीत, म्हणून लिहायला बसलो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो : नाही. ओम्नीचा मागचा ॲक्सल आणून, त्याच्या बैठका कापून, दुसरीकडे वेल्ड करून तो आजोबांच्या पद्मिनीला लावायचा नाही. तुझ्या तिकडच्या नाशिकच्या गॅरेजवाल्याला हे सोपं वाटतं, कारण त्याच्याकडे वेल्डिंग मशीन आहे आणि ओम्नीचा ॲक्सल भंगारात सहज मिळतो. दोन्ही गाड्यांना मागे पाटेच (लीफ स्प्रिंग) असतात, इथपर्यंत त्याचं बरोबर आहे. त्यापुढचं सगळं चूक.

पद्मिनीच्या मागच्या बाजूला पाटा एकटाच किती कामं करतो ते बघ. गाडीचं वजन तो पेलतो, हे सगळ्यांना दिसतं. पण ॲक्सल पुढे-मागे सरकू न देणं हेही त्याचंच काम, कारण ॲक्सलला धरून ठेवणारा वेगळा हात त्या गाडीला नाही. तिसरं काम कुणाच्या लक्षात येत नाही. तू ॲक्सिलेटर दाबलास की चाकं पुढे फिरतात आणि ॲक्सलचं हाऊसिंग उलट्या दिशेने फिरू पाहतं, त्याचं नाक वर उचलतं. ब्रेक मारलास की तेच नाक खाली जातं. हा पीळ सोसतो तो पाटाच. म्हणून हाऊसिंगवरची पाट्याची बैठक ज्या कोनात कारखान्यात बसवली, त्या कोनाला किंमत आहे. एक-दोन अंशांनी चुकली की प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस वाकड्या कोनात फिरणार, चाळीसच्या पुढे गाडी थरथरणार, आणि मग हाच गॅरेजवाला तुला सांगणार की शाफ्ट बॅलन्स करून घ्या. शिवाय पाइपवर वेल्डिंगचा ताव बसला की पाइप किंचित ओढला जातो. डोळ्याला दिसत नाही, पण आतल्या हाफ शाफ्टला आणि ऑईल सीलला बरोबर कळतं.

दुसरी गोष्ट कागदांची. तुमच्या गाडीची पहिली नोंदणी 1975 ची, म्हणजे 2025 मध्ये ती पन्नास पूर्ण करते. 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नाशी ओलांडलेल्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं, वीस हजार रुपये भरून. कापाकापी केलेल्या गाडीसाठी तिथे वाद कशाला ओढवून घ्यायचा? (अर्थात व्हिंटेज पाटी लागली की रोज भाजी आणायला ती गाडी काढता येत नाही, हेही वाचून ठेव. तुझा बाबा ते वाचणार नाही.)

तेव्हा पद्मिनीला पद्मिनीचाच ॲक्सल. तो मिळतो का, हा तुझा दुसरा प्रश्न. मिळतो, पण दिवसेंदिवस कमी. गाडी बनली कुर्ल्यात, वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कारखान्यात. 1964 पासून ती फियाट 1100 डिलाइट होती, मग प्रेसिडेंट झाली आणि 1974 पासून पद्मिनी. आत इंजिन तेच, 1089 सीसीचं. मुंबईची काळी-पिवळी हीच असल्यामुळे सुट्या भागांचा बाजारही कुर्ल्याच्या आसपासच वाढला. टॅक्सी मोडीत निघायची आणि तिचं हाऊसिंग कुणाच्या तरी घरच्या गाडीखाली जायचं, हे वर्षानुवर्षं चाललं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदवली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी कायद्याने उरली नाही. तो दिवस पेपरांनी हळवेपणाने साजरा केला. मला मात्र एवढंच वाटलं की आता भंगारात नवा माल येणं बंद.

तू फोटो पाठवलेला दुसरा ॲक्सल, जो दुकानदार 'फियाटचाच आहे' म्हणतोय, तो 118 एनईचा आहे. ती गाडीही प्रीमियरचीच, 1985 ची, पण तिचा सांगाडा फियाट 124 चा. तिला मागे पाटे नाहीतच, कॉइल स्प्रिंग आहेत. फोटो मोठा करून बघ, पाट्याची सपाट बैठक कुठेच दिसणार नाही. दुकानदार खोटं बोलत नाही, फियाटचाच आहे तो. आपल्या कामाचा नाही.

पहिल्या फोटोतला, टॅक्सीचा ॲक्सल घे. पण घेण्याआधी चार गोष्टी हाताने बघ. पिनियनचा फ्लँज धरून सावकाश मागे-पुढे हलव. थोडा प्ले चालेल, ठक् असा आवाज यायला नको. खालचा ड्रेन बोल्ट उघडून तेल बोटांवर चोळ. करडी चकाकी दिसली की क्राऊन-पिनियन खाल्लेलं आहे. दोन्ही बैठका घासून स्वच्छ करायला लाव आणि मधलं भोक बघ. गोल असेल तर ठीक. लांबट झालं असेल तर ती टॅक्सी कितीतरी दिवस सैल यू-बोल्टवर धावलेली आहे, तो ॲक्सल सोडून दे. आणि हाऊसिंगवरचा ब्रीदर आहे ना बघ. तो चिखलाने बुजला तर आतली गरम हवा ऑईल सील फोडून बाहेर येते आणि नव्वदचं तेल थेट ब्रेकच्या लायनरवर.

पाट्यांचं काम इथे भिवंडीत करू, त्यासाठीच गाडी इकडे आण म्हणतोय. कसाऱ्याच्या घाटातून चालवत नाही, टोचन लावूनही नाही, फ्लॅटबेडवर. इथे पाटे वाकवणारे कमानीवाले हवे तेवढे आहेत, हे तुला सांगायला नको. यंत्रमागांना सूत येतं, कापडाचे तागे बाहेर जातात. त्यात मुंबईच्या जकातीबाहेर राहायचं म्हणून काल्हेर, पूर्णा, दापोडे, माणकोली या पट्ट्यात गोदामं उभी राहिली. जकात 2017 च्या जुलैत जीएसटी आल्यावर गेली, गोदामं वाढतच राहिली. एवढे ट्रक, त्यात आमचे रस्ते. पाटे तुटल्याशिवाय दिवस मावळत नाही. एसटीच्या वर्कशॉपात माझं आयुष्य गेलं, पण पाट्याला हातोड्याने परत वाक देण्याचं इथल्या म्हाताऱ्या कारागिरांचं कसब मी तिथेही फार थोड्यांत पाहिलं.

त्यांच्यात एकच खोड. समोर गाडी आली की विचारतात, माल किती भरणार? आणि उत्तराची वाट न बघता पाट्यात एक पान जास्त चढवतात. ट्रकला ते ठीक. टनाच्या आतबाहेर वजनाच्या पद्मिनीला एक पान जास्त झालं की मागची बाजू उंच होते, गाडी दणके द्यायला लागते, आणि गठ्ठा जाड झाल्याने यू-बोल्टाचे आटेही अपुरे पडतात. तेव्हा पानं मोजून द्यायची, मोजून घ्यायची. तुटलेलं पान असेल तर ते बदलायचं, दोन्ही बाजूंचा वाक सारखा करून घ्यायचा. एकाच बाजूचा पाटा दुरुस्त करणं म्हणजे गाडी मुद्दाम लंगडी करणं.

गंमत म्हणजे ही पाट्याची कमान गाडीपेक्षा खूप जुनी. ओबाडिया एलियट नावाच्या इंग्रज बग्गीवाल्याने 1804 मध्ये तिचं पेटंट घेतलं. मुंबईच्या व्हिक्टोरियाही तिच्यावरच डुलत गेल्या.

आता बसवण्याचं. गाडी घोड्यांवर घ्यायची ती पाट्याच्या पुढच्या टोकाच्याही पुढे, बॉडीच्या मजबूत जागेवर. ॲक्सलखाली घोडी लावून ॲक्सलच कसा सोडवणार? नुसत्या जॅकच्या भरवशावर तर कुणीही खाली शिरायचं नाही, मीसुद्धा नाही. प्रोपेलर शाफ्ट सोडताना फ्लँजवर खूण कर. ब्रेकचा रबरी पाइप सोडून तोंड बंद कर, शॉकॲब्सॉर्बर खालून मोकळे कर, मग यू-बोल्ट. नवा ॲक्सल वर घेताना पाट्याच्या सेंटर बोल्टाचं डोकं बैठकीच्या भोकात पूर्ण उतरलं पाहिजे. हा बोल्ट जात्याच्या मधल्या खिळ्यासारखा : दगड जागेवर ठेवतो, दळण दळत नाही. ॲक्सल खरा धरून ठेवतात ते यू-बोल्ट, आणि तेही फक्त आवळलेपणाने. ते सैल झाले की सगळा भार त्या एका बारीक बोल्टावर येतो, तो कापला जातो आणि ॲक्सल एका बाजूने मागे सरकतो. रस्त्यावर खेकड्यासारख्या तिरक्या चालणाऱ्या टेंपोंचं दुखणं बहुतेक वेळा हेच असतं.

यू-बोल्ट म्हणून नवेच. एकदा पूर्ण ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तसा धरत नाही. आवळताना समोरासमोरचे, तिरपे, थोडे थोडे, शेवटी टॉर्क पान्याने मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याला. लांब पाइप घालून लोंबकळायचं नाही.

आणि आता ते, ज्यावर मी तुझ्याशी भांडणार आहे. पाट्याच्या डोळ्यातले आणि शॅकलचे बोल्ट गाडी घोडीवर लटकत असताना आवळायचे नाहीत. नुसते हाताने बसवायचे. चाकं लावायची, गाडी भुईवर उतरवायची, दोन-चारदा मागून दाबून हलवायची, आणि पूर्ण वजन आल्यावर ते आवळायचे. पाटा वजनाखाली सपाट होताना लांब होतो, म्हणूनच मागे शॅकल असतो. लटकत्या स्थितीत आवळलंस तर आतला रबरी बुश त्या स्थितीत चिकटतो आणि गाडी उतरताच कायमचा पिळलेला राहतो. काही महिन्यांत फाटतो. लोक बुशच्या कंपनीला शिव्या देतात.

मग टेप घेऊन दोन्ही बाजूंची पुढच्या-मागच्या चाकांमधली मध्यांची अंतरं मोजायची. पद्मिनीचं ते 2,340 मिलिमीटर, म्हणजे साधारण 92 इंच. डावी-उजवी सारखी आली की निम्मं काम झालं. ब्रेकची हवा काढायची, तेल भरायचं, पडघ्यापर्यंत जाऊन परत यायचं आणि यू-बोल्ट पुन्हा तपासायचे. नाशिकला पोचल्यावर आणखी एकदा, आणि तिथे तूच पाना धरायचा.

येताना मॅन्युअल, नवे यू-बोल्ट, नवे बुश, दोन्ही बाजूंची ऑईल सील आणि ब्रेक पाइप घेऊन ये. यातलं काहीही राहिलं तर मी गाडी फ्लॅटबेडवरून खाली उतरवू देणार नाही, हे बाबालाही सांग.

तुझा
मामा