अर्धा गुण

रविवार, रात्र

सांगलीच्या स्पर्धेत आज चौथी फेरी बरोबरीत सुटली. काळी मोहरी होती. बाविसाव्या खेळीला एक प्यादं हकनाक गेलं, मग दोन तास नुसतं तगून राहणं.

शेवटी उरले दोन राजे, दोन हत्ती आणि समोर खेळणाऱ्या काकांचं ते एक प्यादं. माझा राजा प्याद्याच्या वाटेत, हत्ती सहाव्या ओळीत. फिलिडोर या फ्रेंच खेळाडूने अठराव्या शतकात दाखवलेला बचाव. प्यादं सहाव्या ओळीत येईपर्यंत ती ओळ सोडायची नाही. आलं की हत्ती थेट पहिल्या ओळीत, आणि मागून शहावर शह. पुढे आलेलं प्यादं मग राजाला आडोसा देऊ शकत नाही. किती सुंदर आहे हे!

घड्याळात चाळीस सेकंद होते. काकांनी प्यादं ढकललं, बोट क्षणभर त्यावरच ठेवलं. मी हत्ती खाली नेला. त्यांनी मान हलवली, हात पुढे केला. “छान धरून ठेवलंस, पोरी.”

बाहेर चहा घेताना पुन्हा पट मांडला. तीन खेळ्या आधी त्यांचा हत्ती सहाव्या ओळीत बसला असता, तर माझं कठीण होतं. आम्ही दोघंही बराच वेळ त्याच घराकडे बघत राहिलो.