गुडघ्यातली चुंबळ

उतावळ्या नवऱ्याने बाशिंग बांधले एवढ्यापुरतीच आपल्याला गुडघ्याची आठवण! एरवी ती होते, तो बिघडल्यावर.

माझा बिघडला १९७४ साली. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मल्लांनी १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकमध्ये देशी खेळ दाखवले, त्या गोष्टी ऐकत वाढलेली आम्ही अमरावतीची पोरे. कबड्डी अंगात भिनलेली. एका चढाईत पाऊल मातीत रुतून राहिले आणि अंग मात्र गर्रकन फिरले. आत काहीतरी 'कट्‌' झाले. तेल झाले, शेक झाला. पण गुडघा मधेच कुलूप लागल्यासारखा अडके. शेवटी डॉक्टरांनी आतली फाटकी गादी समूळ काढली. तेव्हा रीतच तशी होती. काही महिन्यांत मी पुन्हा मैदानावर! केवढा आनंद झाला होता!

यंदा दिवाळीच्या आधी अकोल्याहून लेकीचा फोन आला. सतरा वर्षांच्या नातीचा गुडघा तसाच गेला होता, आणि तोही कबड्डीतच. बडनेऱ्याला गाडी धरली.

विहीणबाई म्हणाल्या, "तेल जिरवा, सारं बरं होते." नात म्हणाली, "आबा, डॉक्टर म्हन्तात, टाके घातले तर सहा महिने खेळ बंद. मले तेवढा तुकडा काढूनच टाकाचा हाय."

मी तिला स्वयंपाकघरातली चुंबळ दाखवली. मांडीच्या हाडाचे टोक गोल, नडगीचा माथा जवळजवळ सपाट. गोल बुडाची घागर जमिनीवर डुगडुगते. चुंबळ दिली की स्थिर बसते आणि भारही चहूकडे वाटला जातो. गुडघ्यात अशा दोन चंद्रकोरी चुंबळी असतात, बाहेरून जाड, आत निमुळत्या. रक्त पोचते ते बाहेरच्या कडेपर्यंतच. आतला भाग आपल्या वऱ्हाडातल्या पऱ्हाटीसारखा कोरडवाहू. म्हणून आतली चीर सहसा सांधत नाही, कडेची सांधू शकते. हिची चीर कडेलाच होती.

गादी काढलेल्या गुडघ्यांत पुढे हाडांमधली फट अरुंद होते, हे फेअरबँक नावाच्या इंग्रज डॉक्टराने १९४८ सालीच लिहून ठेवले होते. तरी काढण्याची रीत पुढे कित्येक वर्षे चालू राहिली. शहाणपण छापले जाते लवकर; पोचते मात्र बैलगाडीने!

मी धोतर वर घेतले आणि माझा वाकडा, सुजलेला गुडघा तिच्यापुढे धरला. "हात ठेव," म्हटले, आणि पाय हलवला. आतली करकर तिच्या तळव्याला लागली. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी आईला म्हणाली, "टाकेच घालू."

यंदा पाडव्याच्या पंगतीत सारे पाटावर बसले होते. खुर्च्या दोनच होत्या, एक तिची, एक माझी. माझी आता कायमची. तिची मात्र, देवाच्या दयेने, फार तर अक्षय्यतृतीयेपर्यंत!