पिवळा डेलिया

आमचे घर दौलताबादला किल्ल्याच्या पायथ्याशी आहे. अंगणात तुळस, कढीपत्ता आणि न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली केळ आहे. मला तिथे डेलिया लावायचा होता. मागच्या वर्षी माझ्या मैत्रिणीच्या दारात लालभडक डेलिया फुलला होता. एका फुलानेच माझी ओंजळ भरायची. फुले वाळल्यावर तिने मला बी कागदाच्या पुडीत बांधून दिले. डेलियाचे बी काळे, चपटे आणि लांबट असते. पावसाळाभर मी ती पुडी देवळीत जपून ठेवली.

घटस्थापनेला आजीने घटात गहू पेरले, तेव्हा मीपण पेरले. दादाने तेलाच्या रिकाम्या डब्याला खिळ्याने भोके पाडून दिली. त्यात माती, चाळलेले शेणखत आणि थोडी वाळू घातली. १४ बिया टाकून वर अगदी पातळ माती पसरली. तिसऱ्या दिवशी घटातले गहू उगवले. माझ्या डब्यात काहीच नाही! मी रोज उकरून पाहायची. आजी म्हणाली, "अगं, सारखं उकरलं तर ते बिचारं उगवंल कसं?" मग मी हात लावला नाही. दसऱ्याला सोने वाटून घरी आले तर दोन कोंब! पुढे एकूण ९ आले.

त्यातली चार कोंबडीने उकरली. दोन मीच मारली. दिवसातून तीनदा पाणी घातल्याने ती कुजली. उरलेली तीन दिवाळीनंतर अंगणात उन्हाच्या जागी लावली. वीतभर झाल्यावर मैत्रिणीच्या आईने शेंडे खुडायला सांगितले. मला फार वाईट वाटले, पण मग बाजूने खूप फांद्या फुटल्या. पऱ्हाटीच्या काठ्या रोवून सुतळीने बांधल्या.

संक्रांतीच्या आधी पहिली कळी उमलली. मी वर्गात सगळ्यांना लाल फूल येणार म्हणून सांगून ठेवले होते. फूल आले पिवळे. पाकळ्यासुद्धा फक्त आठ, एकाच ओळीत. दादा म्हणाला, "हे तर सूर्यफुलाचं पिल्लू!"

मला इतका राग आला की शाळेत सगळ्यांसमोर मी मैत्रिणीला म्हणाले, "तू खोटं बी दिलंस. चांगलं तुझ्याकडेच ठेवलंस." ती रडली. संक्रांतीला तिने तिळगूळ पुढे केला, तोही मी घेतला नाही. हे लिहायला लाज वाटते, पण झाले ते असेच.

गुरुजींच्या ते लक्षात आले. त्यांनी मला विचारले, "गोड आंब्याची कोय लावली तर तसाच आंबा येतो का?" मी म्हणाले, "नाही, कलम लावावं लागतं." गुरुजी म्हणाले, "डेलियाचंही तसंच. मधमाशी एका फुलाचे पराग दुसऱ्यावर नेते. बियांपासून कोणता रंग येईल ते सांगता येत नाही. तोच रंग हवा तर कंद लावायचा." डेलिया मूळचा मेक्सिको देशातला आहे आणि १९६३ पासून तिथले राष्ट्रीय फूल आहे, हेही त्यांनीच सांगितले. घरी आजी म्हणाली, "तू तरी कुठं तुझ्या आईसारखी शांत आहेस?"

संक्रांत होऊन पाच दिवस झाले होते. पण रथसप्तमीपर्यंत तिळगूळ चालतो, असे आजी म्हणाली. मी डबीत तिळगूळ घेऊन मैत्रिणीकडे गेले. आधी ती बोललीच नाही. मी म्हणाले, "बी खोटं नव्हतं. मीच चुकले." मग तिने एक लाडू घेतला आणि फूल बघायला आली. बघून म्हणाली, "असा पिवळा आमच्याकडे नाही बाई!"

नंतर दुसऱ्या झाडाला नारिंगी फूल आले, तिसऱ्याला जांभळे. लाल एकही नाही.

आता उन्हाने झाडे वाळली की आम्ही कंद काढणार आहोत. ते रताळ्यांसारखे दिसतात. कोरड्या वाळूत, सावलीला ठेवायचे. ती मला लाल डेलियाचा कंद देणार आणि मी तिला पिवळ्याचा. मी विसरू नये म्हणून तिने ते माझ्या वहीत लिहून ठेवले आहे.

— इयत्ता चौथी