पाळी बदलून मिळणेबाबत

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि माझ्या कराडच्या दवाखान्यातल्या बाकड्यावरचं वय वाढलं. त्याआधी माझ्याकडे यायच्या त्या गरोदर पोरी, नाहीतर मूल होत नाही म्हणून सासूनं धरून आणलेल्या. पंचेचाळिशी-पन्नाशीची बाई केवळ स्वतःच्या दुखण्यासाठी पाटणहून, शिराळ्याहून, वडूजहून तिकिटाला पैसे मोडून येत नसे. आता येते. एकटी येते, आणि सोबत कुणी नसल्यामुळे बोलते. या अर्ध्या तिकिटानं मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या परिषदेनं शिकवलं नाही, असं मी डॉक्टरांच्या बैठकीत म्हणते तेव्हा काही जण गालात हसतात. हसोत.

अशीच एक गेल्या वर्षी एप्रिलात आली. वय ४७. सांगली जिल्ह्यातल्या एका सूतगिरणीत रिंगफ्रेमवर सायडर. म्हणजे फ्रेमच्या मधल्या गल्लीतून आठ तास येरझाऱ्या घालायच्या आणि तुटलेला धागा दिसला की सांधायचा. तिनं प्लास्टिकच्या पिशवीतून घडी घातलेला अर्ज काढून माझ्यापुढे ठेवला. ‘विषय : दुसरी पाळी बदलून पहिली पाळी मिळणेबाबत.’ खाली टाइम ऑफिसचा शेरा होता, ‘डॉक्टरची चिठ्ठी जोडणे.’

“मॅडम, माझी पाळी तर दीड वर्ष झालं कधी येती, कधी न्हाई. ती काय कुणाच्या हातात न्हाई. ही तरी बदलून द्या.”

आम्ही दोघी हसलो. मग ती रडली.

तिचं म्हणणं साधं होतं. दुपारी खात्यात शिरलं की तासाभरात ‘डोस्क्यातनं वाफा निघत्यात’, चेहरा लाल होतो, पाठीवरून घामाची धार लागते, धागा दिसत नाही. दोन-चार मिनिटांत सगळं ओसरतं आणि अंगावर काटा येतो. सुपरवायझर म्हणतो, बाई, तब्येत बरी नसली तर घरी बसा. रात्री उशिरा घरी, पुन्हा झोपेत घाम, पहाटे उठून जनावरांचं आवरायचं. सकाळच्या पाळीत हाच त्रास निम्म्यावर येतो, हे तिचं तिनंच आठ महिने पाहून ठरवलं होतं.

आणि ते शास्त्राला धरून होतं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग असतो, तो शरीराचं तापमान राखतो. अंगात इस्ट्रोजेन पुरेसं असतं तोवर थोडंफार वरखाली झालेलं तो मनावर घेत नाही. पाळी जाण्याच्या वयात इस्ट्रोजेन घटू लागलं की काही दशांश अंशांनीही दचकतो, आणि अंग पेटलंय असं समजून कातडीखालच्या रक्तवाहिन्या उघडतो, घाम सोडतो. शरीराचं तापमान मुळात दुपारनंतर आणि संध्याकाळी जास्त असतं. त्यात सूतगिरणी. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून खात्यात मुद्दाम ओलावा सोडतात, आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास ठेवतात. अशा हवेत घाम येतो, पण वाळत नाही. अंग गार करण्याचा शरीराचा मुख्य उपाय फुकट जातो. सुताला मानवणारी हवा सांधणारीला मानवत नाही.

मी तिला तपासलं. थायरॉईडच्या बिघाडातही असाच घाम येतो, धडधडतं, म्हणून ती तपासणी केली. मागेपुढे होणाऱ्या पाळीत रक्त फार गेलेलं, हिमोग्लोबिन नऊ. लोहाच्या गोळ्या दिल्या. मग चिठ्ठी लिहायला घेतली, तर तिनं माझा हात धरला.

“ते पाळीचं नका लिहू. टाइम ऑफिसात पोरं बसत्यात. गिरणीभर हुईल.”

मी लिहिलं, ‘उष्णतेचा त्रास असल्याने सकाळच्या पाळीत काम देण्यात यावे.’ सही केली, शिक्का मारला. तीस वर्षं स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम केलेल्या बाईनं आपल्याच विषयाचं नाव लपवून चिठ्ठी द्यावी, याची लाज मला ती गेल्यावर वाटली.

माझी स्वतःची पाळी ५१ व्या वर्षी थांबली. त्याआधीची तीन वर्षं ऑपरेशन थिएटरात काढली. अंगात गाऊन, तोंडाला मास्क, वर दिवा. सिझर अर्ध्यावर असताना वाफ यायची. मी फक्त ‘एसी’ एवढंच म्हणायचे आणि कुणीतरी रिमोटकडे धावायचं. माझ्यासमोर उभ्या राहणाऱ्या सिस्टर माझ्याच वयाच्या. त्यांनाही तेच होत होतं हे त्यांनी निवृत्त होताना, पेढे देता देता सांगितलं. तोवर त्यांची वाफ माझ्या वाफेच्या वेळेला आली तरच त्यांना गारवा मिळायचा.

प्रत्येकीला त्रास होतोच असं नाही, हेही सांगून टाकते. भाजी विकणाऱ्या एक आजी मला म्हणाल्या होत्या, “पाळी गेली आन् मी सुटले बाई. विटाळ न्हाई, फडकी न्हाई, भीती न्हाई.” त्यांचा आनंद खरा आहे. पण ज्यांना वाफांचा त्रास जोरात होतो त्यांचा तो दोन-चार महिन्यांत संपत नाही. अमेरिकेत बायकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून झालेल्या मोठ्या अभ्यासात वारंवार वाफा येणाऱ्या बायकांपैकी निम्म्या जणींत हा काळ सात वर्षांहून अधिक निघाला. सात वर्षं म्हणजे नोकरीतल्या एका बढतीचा काळ, किंवा गिरणीत कायम होण्याचा.

तासगावच्या बाजूला मार्चमध्ये बेदाण्याच्या शेडवर जाऊन बघा. जाळीखाली रॅकवर द्राक्षं वाळत असतात, आणि बाजूला बायका मांडी घालून निवडत असतात. वाळवायला उष्णता हवी, कोरडा वारा हवा. तोच वारा निवडणारीच्या तोंडावर. तिथल्या बायका पाणी पीत नाहीत. का, तर प्यायलं की जावं लागतं, आणि जायला बांधाआडची जागा. वाफा येणाऱ्या बाईनं पाणी तोडलं की डोकं गरगरतं. शिवाय इस्ट्रोजेन गेल्यावर लघवीच्या मार्गाची कातडीही पातळ, कोरडी होते. जळजळ, वरचेवर जंतुसंसर्ग, शिंकलं-खोकलं की थेंब. यावर लावायचं मलम मिळतं. त्यातलं औषध रक्तात नगण्य उतरतं आणि गुण चांगला येतो. मी ते लिहून देते. बाई विचारते, “लावू कुठं मॅडम, घरात दोन खोल्या आन् नऊ माणसं.” औषधशास्त्राच्या पुस्तकात याचं उत्तर नाही.

आता उसाकडे येते, कारण मला खरं बोलायचंय ते तिथलं. सातारा-सांगलीचे साखर कारखाने सुरू झाले की रेठऱ्याच्या, वाळव्याच्या, शेंद्र्याच्या शिवारात ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात. माणसं बीडची, जालन्याची, नगरची. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल दोघांच्या जिवावर घेतलेली, आणि कामाला आलं नाही तर खाडा. पहाटेच्या अंधारात तोडणी सुरू, मोळी डोक्यावरून गाडीपर्यंत. या हिशेबात पाळीचे चार दिवस बसत नाहीत. मग अंगावरून पांढरं जातंय, पोट दुखतंय एवढ्यावर ‘पिशवी काढून टाका’ असा सल्ला मिळतो आणि बाई तो मानते, कारण पुढचे खाडे वाचतील. २०१९ मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी पुढे आणली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. आकडा बीडचा, पण खाडा ज्या फडात पडतो तो फड आमच्याही शिवारातला असतो, हे इथं बोललेलं फारसं आवडत नाही.

दोन हंगामांपूर्वी अशी एक बाई कमरेतून वाकून आत आली. वय ४१. पिशवी २९ व्या वर्षी काढलेली. अंडाशयं ठेवली का काढली, विचारलं. तिला तो शब्दच नवा. कागद विचारले, एका पावसाळ्यात कोपीत भिजून गेले. सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयं दिसली नाहीत. म्हणजे बहुधा बारा वर्षं हाडांना इस्ट्रोजेनचा आधार नव्हता, आणि त्या बारा वर्षांत डोक्यावर मोळी होती. क्ष-किरणात एक मणका दबलेला. पिशवी काढताना अंडाशयं काढली की पाळी जाण्याचं वय त्या टेबलावरच येतं, वाफांसकट, हाडांच्या झिजेसकट. ती ठेवली तरी काही जणींत वेळेआधी मंदावतात. इतक्या तरुण बाईला, दुसरी अडचण नसेल तर, नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन द्यावं हा जगभरचा प्रघात आहे. पिशवी नसलेल्या बाईला तर नुसतं इस्ट्रोजेन चालतं. तिला बारा वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं. “काढल्यावर कटकट मिटंल म्हणले हुते,” एवढंच तिला आठवत होतं. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना २०२२ मध्ये आल्या, आणि त्या राज्यांनी तीन महिन्यांत अमलात आणाव्यात असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये बजावलं. पिशव्या वाचतील, वाचाव्यात. पण ज्यांच्या निघाल्यात त्यांची पुढची वीस वर्षं कुणाच्या खात्यावर?

हार्मोनच्या गोळ्यांविषयी थोडं. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले, स्तनाच्या कर्करोगाची भीती पसरली आणि आम्ही डॉक्टरांनीही हात आखडले. पुढे त्याच आकड्यांची वयानुसार फोड झाली. साठीच्या आत किंवा पाळी थांबून दहा वर्षं व्हायच्या आत सुरुवात केली, तर बहुतेक निरोगी बायकांना धोक्यापेक्षा फायदा जास्त, असं आता मानलं जातं. स्तनाचा कर्करोग झालेला, रक्ताच्या गाठी होणारी, कारण न कळलेला रक्तस्राव असणारी, यांना मी देत नाही. पाळी थांबून वर्ष झालं आणि पुन्हा डाग दिसला तर वाफांचं राहू दे, आधी तो डाग तपासून घ्या. यात हयगय नको.

सुश्रुतानं रजःकाल बारा ते पन्नास वर्षांचा सांगितला. आज भारतात पाळी थांबण्याचं सरासरी वय ४६-४७ निघतं. पाश्चात्त्य देशांत ५१. आणि आशाताईंच्या वहीतलं कुटुंबनियोजनाचं ‘पात्र जोडपं’ बाईच्या १५ व्या वर्षी सुरू होतं, ४९ ला संपतं. तिशीपुढच्यांना विचारायचा एक फॉर्म असतो, त्यात पाळी गेल्यावर रक्तस्राव होतो का एवढं विचारतात. उत्तम प्रश्न, जीव वाचवणारा. वाफा, झोप, लघवी, सांधे यांना रकाना नाही. खटाव तालुक्यातली एक आशाताई मला म्हणाली, “मॅडम, पुढच्या वर्षी माझंच नाव माझ्या वहीतनं जाणार.” उन्हातून घरोघर फिरणारी ती, छत्रीच्या दांड्याला ओला रुमाल बांधून फिरते. हा उपाय मी आता इतरांना सांगते.

ब्रिटनमध्ये रजोनिवृत्ती आणि नोकरी या विषयाचा संसदीय समितीनं अभ्यास केला. २०२२ मध्ये तिनं रजोनिवृत्तीच्या रजेचा प्रयोग सुचवला, जानेवारी २०२३ मध्ये सरकारनं तो नाकारला. आपल्याकडे बिहारनं सरकारी नोकरीतल्या बायकांना पाळीची रजा १९९२ मध्येच दिली. माझं मत विचाराल तर, रजेनं आमच्या बायकांचं भागणार नाही. रोजंदारीवाल्या बाईला रजा म्हणजे खाडाच, नाव तेवढं गोड. त्यापेक्षा ब्रिटिश मानक संस्थेनं २०२३ मध्ये मासिक पाळी आणि रजोनिवृत्तीसाठी कामाच्या जागेचं जे मानक काढलं ते मला आवडतं; त्यात गणवेशाचं कापड, हवा खेळती ठेवणं, स्वच्छतागृह किती लांब, असल्या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी आहेत. आणि पिण्याचं पाणी, बायकांची वेगळी स्वच्छतागृहं, उभ्यानं काम करणारीला मधे बसायला जागा, हे तर आपल्या १९४८ सालच्या कारखाना कायद्यानंच सांगून ठेवलं होतं. मी ओळखीच्या कारखानदारांना हे सांगते तेव्हा ते खर्चाचं बोलतात. एक स्टूल, एक माठ, दाराला कडी.

गिरणीतली बाई जूनमध्ये परत आली. चिठ्ठीवर पहिली पाळी मिळाली होती, झोप लागत होती, हिमोग्लोबिन अकराच्या घरात आलेलं. पण तिला पुन्हा दुसऱ्या पाळीत टाकलं होतं. का? तर मिरगाचा पाऊस झाला आणि टाइम ऑफिसनं तिला बोलावून सांगितलं, उष्णतेचा त्रास म्हणून चिठ्ठी होती, आता उन्हाळा संपला.

मला हसू आवरेना. ती हसली नाही. तिनं तोच अर्ज नव्यानं लिहून आणला होता, या वेळी मुलीच्या सुवाच्य अक्षरात. विषय तोच. पण खाली तिच्या एकटीची सही नव्हती. चार बायकांच्या सह्या आणि एक अंगठा होता.

“आता खरं नाव लिवा,” ती म्हणाली. “पोरं हसतील तर हसतील. पावसाळ्यात चालंल असं लिवा.”

मी लिहिलं. तिला वाचता येतं. तिनं वाचून बघितलं, एक अक्षर गिचमिड झालं होतं ते पुन्हा नीट काढायला लावलं, आणि शिक्का वाळेपर्यंत फुंकर घालत बसली.