पाकिटावरचं नाव

लग्नपत्रिकेच्या आतला मजकूर छापखान्यात ठरतो. कुलदैवतांची नावं, 'आमचे येथे श्रीकृपेकरून', चि. आणि चि. सौ. कां., मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता, आणि तळाशी एखाद्या तीन वर्षांच्या भाच्याच्या तोंडी घातलेलं 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!'. सगळ्या पत्रिका सारख्याच. माणसं वेगळी होतात ती पाकिटावर. तिथे कुणीतरी हातात पेन घेऊन ठरवायचं असतं, की समोरचा माणूस आपल्या लेखी कोण आहे.

आमच्या घरात हे काम माझ्याकडे असतं, कारण माझं अक्षर. शाळेत बोरूनं कित्ते गिरवलेली पिढी आमची. आता मी तिरक्या कापाची निब वापरते. इंग्रजी कॅलिग्राफीच्या सेटमधली निब देवनागरीला तशीच चालत नाही. तिचा काप उलट्या बाजूला हवा, नाहीतर जाड रेघ बारीक येते आणि बारीक जाड, आणि 'श्री' आजारी दिसते. सध्याच्या चकचकीत पाकिटांवर शाई लवकर वाळत नाही, म्हणून चार दिवस आमच्या पलंगांवर माणसांऐवजी पाकिटं झोपतात. भाचा म्हणाला, "लेबलं छापू या ना, मंगल फॉन्टमध्ये." फॉन्टचं नाव तर पत्रिकेला साजेसंच आहे, आणि तो र. कृ. जोशींसारख्या अक्षरं जगलेल्या माणसानं घडवलेला आहे. पण वहिनी म्हणाल्या, लेबल विजेच्या बिलावर असतं.

या कामाचे नियम कुणी लिहून ठेवलेले नाहीत, पण मोडले की सगळ्यांना कळतात. पहिली पत्रिका गणपतीला, मग कुलदैवताला. चारही कोपऱ्यांना हळद-कुंकू. पाकिटाचा कोपरा जराही फाटलेला चालत नाही, कारण कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे सुतकाची बातमी, हे पोस्टकार्ड गेली तरी बोटांना आठवतं. डॉक्टरला डॉ., वकिलाला अ‍ॅड., कीर्तनकार काकांना ह. भ. प. विसरलात तर ते कीर्तनात काढतात. नावापुढे 'सहकुटुंब सहपरिवार'. जुन्या मराठीत 'कुटुंब' म्हणजे बायको, म्हणून हे दोन वेगळे शब्द आहेत: बायकोला घेऊन या, आणि बाकीच्यांनाही. हल्ली जेवणाच्या ताटाचा दर कळल्यावर दुसरा शब्द गुपचूप गळतो, आणि ज्यांचा गळला ते तो बरोबर मोजतात.

बायकोचं नाव मात्र तेव्हाही नव्हतं आणि आताही क्वचितच असतं. 'श्री. व सौ.' आणि पुढे त्याचं नाव. त्या 'व सौ.' मध्ये माझ्या आत्या, माम्या, मैत्रिणी, एक निवृत्त मुख्याध्यापिका अशा सगळ्या जणी मावतात.

यंदा पुतण्याच्या लग्नाच्या यादीत मामी सापडेनात. मामा गेल्या वर्षी गेले. चाळीस वर्षं त्या घराला 'श्री. व सौ.' असं पाकीट जात होतं. वहिनींनी एक्सेलमध्ये मामेभावाचं नाव घातलं होतं, पुढे 'सहपरिवार', माणसं चार. चौघांत मामी आल्या. वहिनींच्या मनात वाईट काही नव्हतं. पूर्वापार असंच होत आलंय. नवऱ्याच्या नावाखालून मुलाच्या नावाखाली.

वेगळं पाकीट करायचं म्हटलं, तर मागे काय लावायचं? माझ्या आजीच्या काळी 'गं. भा.' लिहीत. गंगा भागीरथी: नाव पवित्र, अर्थ एवढाच की हिला कुंकू लावू नका. पत्र हातात घेणाऱ्या पोस्टमनपर्यंत सगळ्यांना ती दोन अक्षरं बातमी देत. 2023 मध्ये राज्याच्या तेव्हाच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी 'विधवा'ऐवजी हाच शब्द सुचवला आणि गदारोळ झाला. त्याच्या आदल्याच वर्षी, मे 2022 मध्ये, आमच्या सांगलीपासून फार लांब नसलेल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव ग्रामपंचायतीत केला होता. मला हेरवाडची रीत जास्त सभ्य वाटते. 'श्रीमती' हा मधला मार्ग. तो कुणालाही लावता येतो असं म्हणतात, पण नवरा असलेल्या बाईला 'श्रीमती' लिहून बघा, सासू काय म्हणते ते.

मी मागे काहीच लावलं नाही. मामींचं नाव, मामांचं नाव, आडनाव. मोठ्या अक्षरात, आणि शिरोरेघ शेवटी एका दमात ओढली. वहिनींनी पाकीट उचलून बघितलं. "नुसतंच?" म्हणाल्या. "उघडं वाटतं गं." मग म्हणाल्या, "अक्षर चांगलं आलंय," आणि ढिगावर ठेवलं.

आठवड्यानं मामींचा फोन. "तुझा 'ळ' ओळखला मी. मला वेगळी पत्रिका आली म्हणून सूनबाई हसत होती." मग थोडं थांबून, "एक विचारू? मी हळदीला येऊ, का थेट जेवायला येऊ?"

याचं उत्तर पाकिटावर लिहिता येत नाही, आणि मी एकटीनं देऊन भागणारंही नव्हतं. हळद वहिनींच्या अंगणात होती. मी फोन वहिनींकडे दिला. त्यांनी तो पदरानं पुसला, उगाचच, आणि बराच वेळ कानाला नुसता धरला.

"हळद नऊला आहे, मामी," त्या म्हणाल्या. "जात्यावर हळद दळायला बायका कमी पडतायत. साडेआठलाच या."

फोन ठेवून त्या माझ्याकडे न बघता यादीशी गेल्या. मामेभावाच्या ओळीत चाराचे तीन केले आणि खाली नवी ओळ घातली. मग विचारलं, "अजून कोण कोण राहिलंय असं?" आम्ही यादी पहिल्यापासून वाचायला घेतली. सहा निघाल्या. पाकिटं कमी पडली, म्हणून भाच्याला दुकानात पिटाळलं.