राखीव आवणाची मूठ

भाताची लावणी आटोपली तरी आपण सगळे आवण संपवीत नाही. चार मुठी बांधाकडेच्या पाण्यात राखून ठेवतो. खेकड्याने रोप तोडले, कुठे कुजले, तर नांगे भरायला त्या लागतात.

क्रिकेटच्या संघातही अशा मुठी असतात. त्यांना राखीव खेळाडू म्हणतात. सराव सर्वांच्या बरोबरीने, पण अकरा जणांत नाव नाही. डहाणू-तलासरीच्या मुलांना उदाहरण लांब शोधायला नको. आपल्याच जिल्ह्यातील माहीमचा शार्दूल ठाकूर पाहा. शेतकऱ्याचा मुलगा. खेळाचे ओझे पाठीवर घेऊन पालघरहून गाडीने मुंबई गाठायचा. त्या गाडीची गर्दी तुम्हांला ठाऊकच आहे.

ऑक्टोबर २०१८ मध्ये हैदराबादला त्याला पहिली कसोटी मिळाली. दहा चेंडू टाकले आणि जांघेचा स्नायू दुखावला. त्याचा सामना तिथेच संपला. दुसरी कसोटी मिळायला सव्वादोन वर्षे लागली.

जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला शमी, उमेश, बुमराह, अश्विन, जडेजा असे सारे जायबंदी झाले, तेव्हा शार्दूलची आठवण झाली. ऑस्ट्रेलियाच्या ३६९ धावांपुढे आपले सहा गडी १८६ धावांत गेले होते. त्याने षटकाराने खाते उघडले, ६७ धावा केल्या आणि पहिलीच कसोटी खेळणाऱ्या वॉशिंग्टन सुंदरबरोबर १२३ धावा जोडल्या. दोन डावांत मिळून सात बळीही घेतले. ज्या मैदानावर ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर हरला नव्हता, तिथे भारत तीन गडी राखून जिंकला.

पण थांबणाऱ्याला मिळतेच, असे मी म्हणणार नाही. मुंबईच्या पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले. बेदींसारखा डावखुरा फिरकी गोलंदाज संघात असल्यामुळे त्यांना एकही कसोटी मिळाली नाही. तरी ते पन्नाशीला टेकेपर्यंत खेळत राहिले.

तेव्हा मुलगा दोन वर्षे संघात नुसते पाणीच नेतो, म्हणून त्याला चिकूच्या वाडीत ओढण्याआधी एवढेच पाहा: सरावाला तो अजून मनापासून जातो का? जात असेल, तर गाडीभाड्याचे पैसे आणखी एक हंगाम द्या. बोलावणे कधी येईल ते आपल्या हाती नाही. तयारी मात्र आहे.