पऱ्हाटी, चिपाड आणि यीस्ट

मळीतून अल्कोहोल काढणे यीस्टला नवे नाही. साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या त्यावरच चालतात. मळीत साखर आयती असते. पऱ्हाटीत, तुराटीत, पेंढ्यातही साखर आहे, पण ती सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोजच्या लांब साखळ्यांत अडकलेली, वरून लिग्निनचा गिलावा. आधी वाफ आणि आम्ल, मग एन्झाइम, तेव्हा कुठे ती सुटी होते.

●

सुटी झाली तरी पेच संपत नाही. सेल्युलोजपासून ग्लुकोज निघते, ते यीस्ट फस्त करते. हेमिसेल्युलोजपासून मुख्यतः झायलोज निघते, पाच कार्बनांची साखर. पाव फुगवणारे आणि दारू गाळणारे सॅकरोमायसिस तिला तोंड लावत नाही. पिकांच्या काडीकचऱ्यातल्या साखरेचा साधारण तिसरा हिस्सा असा ताटातच राहणार असेल, तर इंधनाचे अल्कोहोल, म्हणजे इथेनॉल, करायचा कारखाना काढायचा कशाला?

●

अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात नॅन्सी हो यांनी १९९०च्या दशकात झायलोज पचवणाऱ्या दुसऱ्या एका यीस्टची जनुके सॅकरोमायसिसमध्ये घातली. झायलोजचे झायलिटॉल, त्याचे झायल्युलोज, आणि पुढे नेहमीची वाट. अडचण अशी की पहिल्या पायरीला एक सहघटक लागतो, दुसरीला वेगळाच. पेशीचा जमाखर्च जुळत नाही आणि झायलिटॉल साचत जाते. करायला गेले इंधन आणि हाती आली च्युइंगगममधली गोडी!

●

यावर उतारा सापडला तो हत्तीच्या लिदीत. पायरोमायसिस ही हवेविना जगणारी बुरशी नेदरलँड्समधल्या संशोधकांनी भारतीय हत्तीच्या विष्ठेतून वेगळी केली होती. तिच्यातले एक एन्झाइम झायलोजचे थेट झायल्युलोज करते, मधली पायरीच नाही. २००३ मध्ये तिथल्याच डेल्फ्ट विद्यापीठाच्या गटाने ते जनुक यीस्टमध्ये चालवून दाखवले. सुरुवातीला वाढ अगदीच मंद होती. मग त्यांनी यीस्टला पिढ्यान्‌पिढ्या झायलोजवरच ठेवले आणि जे जोमाने वाढले तेवढेच पुढे नेले. जनुक-अभियांत्रिकीचे कौतुक होते. मला मात्र यातला निवडीचा भाग मोठा वाटतो. आपले शेतकरी बियाण्याच्या बाबतीत तेच करत आले आहेत.

●

ग्लुकोज समोर असेपर्यंत यीस्ट झायलोजकडे वळत नाही, कारण पेशीत शिरायची दारे दोन्ही साखरांना तीच आणि मान ग्लुकोजला. इलिनॉय आणि बर्कलीच्या संशोधकांनी २०११ च्या सुमारास युक्ती केली: ग्लुकोजची जोडी, म्हणजे सेलोबायोज, न फोडताच आत घ्यायची आणि आत गेल्यावर फोडायची. ती आत आणणारे प्रथिन न्यूरोस्पोरा नावाच्या बुरशीकडून घेतले. दारावरची रेटारेटी टळली.

●

वाफ आणि आम्लाच्या पायरीत यीस्टला मारक अशी विषेही सुटतात: फरफ्युरल, ॲसिटिक आम्ल. ॲसिटिक आम्ल तर हेमिसेल्युलोजमधूनच सुटते, म्हणजे टाळता येत नाही. यीस्टला सहन करायला शिकवायचे, एवढेच.

●

यीस्टकडून इथेनॉलच करून घ्यावे असेही नाही. अमायरिस या कॅलिफोर्नियातल्या कंपनीने ब्राझीलच्या उसाच्या साखरेवर यीस्टकडून फार्नेसिन हे हायड्रोकार्बन करून घेतले. त्यापासून डिझेल झाले, विमानाचे इंधनही झाले. कंपनी पुढे सौंदर्यप्रसाधनांकडे वळली. लिटरच्या भावाने विकण्यापेक्षा बाटलीच्या भावाने विकणे परवडते.

●

कॅन्ससमधले ह्यूगटन, आयोवातले नेवाडा आणि एमेट्सबर्ग, रुमानियातले पोदारी. काडीकचऱ्यापासून इथेनॉल करणारे हे मोठे प्रकल्प सुरू होऊन काही वर्षांतच थांबले. कारणे निरनिराळी, पण गठ्ठे बांधणे, वाहून आणणे, त्यातली माती आणि ओल यांनी अनेकांना जेरीस आणले. पानिपतला इंडियन ऑइलचा प्रकल्प २०२२ मध्ये देशाला अर्पण झाला. भाताच्या पेंढ्यावरचा, तंत्र पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे. पंजाब-हरियाणात पेंढा शेतातच जाळतात, म्हणून तिथे तो मागायला तोंड तरी आहे.

●

आपल्याकडे कडबा हा जनावरांचा घास. दुष्काळात त्याचे भाव विचारू नयेत. चिपाड कारखान्याच्या बॉयलरमध्ये जाते, त्यावर वीज होते आणि विकलीही जाते. पाचट शेतातच कुजवावे असे कृषी विभाग सांगतो, आणि ते बरोबरच आहे. राहिली पऱ्हाटी. काही चुलीला जाते. बाकीची उभी ठेवली तर गुलाबी बोंडअळीला आसरा, म्हणून शेत लवकर मोकळे करा असा सल्ला दरवर्षी दिला जातो. महाराष्ट्रात दुसऱ्या पिढीचे, म्हणजे काडीकचऱ्यापासूनचे, इथेनॉल करायचेच असेल तर सुरुवात विदर्भ-मराठवाड्यातल्या पऱ्हाटीपासून व्हावी. मात्र ती उपटायची मजुरी आणि वाहतूक कारखान्याने सोसावी; शेतकऱ्याने फुकट आणून घालावी, या हिशेबावर प्रकल्प उभारू नये.